उतरलेलं वजन टिकतं कशाने?

गेली सात-आठ वर्षं मराठी घरांमध्ये वजनावरून दोन पक्ष पडले आहेत. एका पक्षाला डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत पटलेली आहे: दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत आटपायचं, मधल्या वेळात पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा चहा एवढंच घ्यायचं आणि रोज पाऊण तास चालायचं. या विचाराचं मूळ नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानांत आहे. दुसरा पक्ष ऋजुता दिवेकरांचं ऐकतो: दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खा, पोहे-भात-तूप सोडू नका, आपल्या मातीत पिकतं ते खा. लग्नाच्या पंगतीपासून लोकलच्या डब्यापर्यंत हा वाद चालतो आणि मिटत नाही, कारण वजन उतरलेली खरीखुरी माणसं दोन्हीकडे साक्षीला उभी असतात.

प्रयोगांनी या वादाचा निकाल काय दिला? प्रागमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये ५४ मधुमेही रुग्णांना बारा आठवडे दोन मोठी जेवणं आणि बारा आठवडे सहा छोटी जेवणं दिली. दोन्ही वेळा कॅलरी सारख्याच होत्या. दोन जेवणांच्या काळात सरासरी ३.७ किलो वजन उतरलं, सहा जेवणांच्या काळात २.३ किलो. हा पुरावा दीक्षितांच्या बाजूने जातो, पण त्यातली दोन जेवणं म्हणजे सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण होतं. आपल्याकडे बहुतेक लोक न्याहारी सोडतात आणि रात्रीचं जेवण ठेवतात, हा मुद्दा चर्चेत कुणी काढत नाही. पुढे २०२२ मध्ये चीनमधल्या ग्वांगझोऊ शहरात १३९ स्थूल लोकांवर वर्षभराचा प्रयोग झाला. सगळ्यांचं खाणं सारखंच कमी केलं होतं. निम्म्यांनी ते सकाळी आठ ते दुपारी चार या वेळातच खाल्लं, बाकीच्यांना वेळेचं बंधन नव्हतं. वर्षअखेर वेळ पाळणाऱ्या गटाचं ८ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६.३ किलो, आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१८ मध्ये ६०९ लोकांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. कमी चरबीच्या आहाराने वर्षात सरासरी ५.३ किलो वजन गेलं, कमी कर्बोदकांच्या आहाराने ६ किलो. म्हणजे जवळपास बरोबरी. पण प्रत्येक गटाच्या आत प्रचंड तफावत होती. कुणाचं पंचवीस किलोच्या वर उतरलं आणि कुणाचं चक्क वाढलं.

हे सगळं एकत्र वाचलं की माझं मत असं होतं: पद्धतींमधला फरक आपण समजतो त्याहून खूपच लहान आहे आणि एकाच पद्धतीतल्या दोन माणसांमधला फरक खूपच मोठा. तेव्हा ‘काय खावं’ याच्याइतकाच ‘ते चालू कसं राहील’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. त्याचं उत्तर सवयीत आहे, आणि सवय आपल्याकडे एकट्या माणसाची क्वचितच असते. ती घराची असते.

आधी आपलं शरीर समजून घेऊ. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक छोटासा लेख २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. त्यात दोघांचा फोटो होता आणि दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३ असा अगदी सारखा होता. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. याज्ञिकांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा जन्मतःच कमी वजनाच्या बाळांतसुद्धा चरबीचं प्रमाण जास्त दिसलं. ‘मी कुठे जाड आहे?’ असं म्हणणाऱ्या सडपातळ मराठी माणसाला चाळिशीत मधुमेह होतो, त्याचं बरंचसं कारण इथे आहे. म्हणूनच आपल्यासाठी बीएमआयची धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ वर आणली आहे. १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचं वजन ५९ किलोच्या आसपास गेलं की ती रेषा येते. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी, हा निकष तर वजनकाट्याहूनही खरा मानावा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीने २०२३ मध्ये पोटावरच्या स्थूलतेचा आकडा ३५ कोटींच्या वर सांगितला.

दुसरी गोष्ट अधिक कडू आहे. वजन उतरलं की शरीर ते परत मिळवायला लागतं. अमेरिकेतल्या ‘द बिगेस्ट लूझर’ या दूरचित्रवाणी स्पर्धेतल्या चौदा जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलं होतं आणि त्यांचं शरीर विश्रांतीच्या अवस्थेत अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. ही तपासणी करणाऱ्या संशोधकांपैकी केव्हिन हॉल यांच्या गणितानुसार उतरलेल्या दर किलोमागे शरीराचा खर्च रोज वीस-तीस कॅलरींनी घटतो, पण भूक मात्र सुमारे शंभर कॅलरींनी वाढते. पाच किलो उतरवलेल्या बाईला दिवसाला चार-पाच पोळ्यांइतकी जादा भूक लागते, असा त्याचा अर्थ. तिला आपण ‘जिभेवर ताबा नाही’ म्हणतो, हे अन्यायाचं आहे. एवढ्या भुकेशी रोज निश्चयाने झगडत राहणं कुणालाच जमत नाही. ज्या गोष्टी ठरवाव्याच लागत नाहीत, आपोआप घडतात, त्याच या काळात माणसाला सावरतात.

आपोआप घडण्याइतकी सवय किती दिवसांत लागते? एकवीस दिवसांचा आकडा सगळीकडे ऐकू येतो. तो मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा आपला वाटायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्याचा व्यायामाशी किंवा आहाराशी संबंध नव्हता. प्रत्यक्ष मोजणी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी केली. ९६ जणांनी खाण्या-पिण्याची किंवा व्यायामाची एकेक साधी गोष्ट निवडली आणि ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या घटनेला जोडली, उदाहरणार्थ न्याहारीनंतर पाणी. मधला आकडा आला ६६ दिवस. पण पसारा होता १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला जवळपास दीडपट वेळ लागला. आणखी एक गोष्ट मला सर्वांत दिलासा देणारी वाटते. एखादा दिवस चुकला तरी सवय मोडत नव्हती. आपल्याकडे एखाद्या रविवारी मटण-भात झाला की ‘आता मोडलंच’ म्हणून सोमवारपासून सगळंच सुटतं. पुरावा सांगतो की त्या रविवाराने काही बिघडलेलं नसतं.

सवयींच्या ताकदीबद्दल फुगवून सांगण्यातही अर्थ नाही. ब्रिटनमध्ये डॉक्टरांच्या दवाखान्यांतून ५३७ लोकांना दहा साध्या सवयींचं पत्रक दिलं गेलं. तीन महिन्यांत त्यांचं वजन सरासरी १.७ किलो उतरलं, इतरांचं ०.८. दोन वर्षांनी दोन्ही गट सारखेच झाले होते. पत्रक हातात देऊन आणि एकदाच समजावून जेवढं होतं, तेवढंच ते. ऑस्ट्रेलियात थोड्या लोकांवर पण दर आठवड्याला पाठपुरावा करून असाच प्रयोग झाला, तेव्हा बारा आठवड्यांत तीन किलोच्या आसपास वजन गेलं आणि वर्षाने ते परत चढण्याऐवजी आणखी थोडं उतरलं. सवय सांगून लागत नाही. ती ज्या जागी, ज्या वेळी, ज्या माणसांबरोबर घडते तिथे कुणीतरी लक्ष ठेवावं लागतं. मराठी घरात ती जागा म्हणजे स्वयंपाकघर.

सुरुवात तेलापासून करू, कारण तिथला हिशेब किराण्याच्या यादीवर सरळ वाचता येतो. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल तर माणशी रोजचं ३० ग्रॅम झालं, म्हणजे २७० कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शनात दोन हजार कॅलरींच्या दिवसाला तेल-तूप मिळून सुमारे २७ ग्रॅम धरलं आहे. घरच्या फोडणीतच ती मर्यादा ओलांडली गेली, आणि वरणावरचं तूप, शेंगदाण्याचा कूट, ओलं खोबरं, नाक्यावरची भजी अजून धरलेलीच नाहीत. पाच लिटर लागणाऱ्या घराने चार लिटरवर यायचं ठरवलं तर माणशी रोज जवळपास ७० कॅलरी वाचतात. कागदावर वर्षाला तीन किलो. शरीर त्यातलं बरंच भरून काढतं, पण कुणालाही उपाशी न ठेवता झालेली ही बचत आहे. पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५ च्या ‘मन की बात’मध्ये तेल दहा टक्के कमी करण्याचं आवाहन केलं, ते या दृष्टीने व्यवहार्य होतं. मात्र ‘कमी वापरा’ एवढ्याने ते होत नाही. महिन्याचं तेल एकदाच आणायचं आणि संपलं तर महिनाअखेरपर्यंत नवीन आणायचं नाही, अशी घराची रीत करावी लागते. कढईत धार धरण्याऐवजी चमच्याने मोजून घालणं हीसुद्धा सवयच आहे, आणि तिला फार दिवस लागत नाहीत.

साखरेचं ठिकाण चहा. दोन चमचे साखरेचे तीन कप म्हणजे ३० ग्रॅम साखर, १२० कॅलरी. राष्ट्रीय पोषण संस्था दिवसभराची मर्यादाच २५ ग्रॅम सांगते. साखर एकदम बंद केलेली माणसं बहुधा महिन्याभरात परत येतात. अर्धा चमचा कमी करून दोन-तीन आठवडे थांबायचं आणि मग आणखी अर्धा, ही वाट हळू असली तरी जीभ तिच्याबरोबर बदलत जाते. गूळ घातला म्हणून कॅलरी कमी होत नाहीत, हेही इथेच सांगितलेलं बरं. चहापेक्षा मला चहाबरोबरच्या गोष्टींची जास्त काळजी वाटते: खारी, टोस्ट, बटर, बिस्किटं, शेव-चिवडा. मूठभर फरसाणात दीडशे कॅलरी सहज जातात आणि पोट भरल्याची जाणीवही होत नाही. केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये वीस जणांना दोन आठवडे कारखान्यातलं तयार अन्न आणि दोन आठवडे घरगुती प्रकारचं साधं अन्न दिलं. पुढ्यात ठेवलेल्या कॅलरी, साखर, चरबी दोन्हीकडे सारखी होती आणि हवं तेवढं खायची मुभा होती. तयार अन्नावर लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. त्यांना कुणी आग्रह केला नव्हता. डबा घरात असला की हात जातो, एवढंच. तेव्हा फरसाणाचा डबा ओट्यावरून माळ्यावर नेणं यात पोरकटपणा काही नाही. आणि तो आणलाच नाही तर त्याहून उत्तम.

ताटाबद्दल सांगायचं तर आपल्या आजी-पणजीचं ताट वाईट नव्हतंच. भाकरी, उसळ, पालेभाजी, कोशिंबीर, ताक, आठवड्यातून एक-दोनदा मासे किंवा अंडी. बिघडलं ते प्रमाण. २०२५ मध्ये आलेल्या देशव्यापी आहार-पाहणीत भारतीयांच्या कॅलरींपैकी ६२ टक्के कर्बोदकांतून येत असल्याचं दिसलं. प्रथिनांचा वाटा बाराच टक्के होता. मराठी ताटात हे डोळ्यांनी दिसतं. चार पोळ्यांच्या सोबत बटाट्याची भाजी, मग भात, त्यावर पातळ आमटी. यात नवीन पदार्थ आणायची गरज नाही. आमटी घट्ट करा, उसळीची वाटी मोठी करा, कोशिंबीर आधी वाढा आणि एक पोळी कमी घ्या. मटकी, मूग, चवळी, हरभरा यांना मोड आणायला रात्री भिजत घालणं ही रोज झोपण्यापूर्वीची सवय झाली की दुसऱ्या दिवशीचा प्रश्न अर्धा सुटलेला असतो. ज्यांच्या गुडघ्यांना वजन पेलवत नाही अशा साठीपुढच्या स्त्रियांना प्रथिनं आवर्जून पुरेशी द्यायला हवीत, कारण नुसतं कमी खाल्लं तर चरबीबरोबर स्नायूही जातात आणि मग उठता-बसता येणं कठीण होतं.

उपवासाचा विषय नाजूक आहे, पण टाळता येत नाही. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण उगीच पडली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याची खिचडी तूप, कूट, बटाट्यासकट एका बशीत पूर्ण जेवणाएवढी होते आणि तिच्यासोबत वेफर्स, रताळ्याचा कीस, दाण्याचे लाडू येतात. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र असं धरलं तर वर्षातले कितीतरी दिवस असे जातात. श्रद्धेला धक्का न लावता वरीचे तांदूळ, राजगिरा, ताक, फळं यांवर तो दिवस काढता येतो. खूप घरांत काढलाही जातो.

आणि संध्याकाळची सहाची भूक. डोंबिवली, विरार, पनवेलकडे परतणाऱ्या माणसाच्या दिवसातला सर्वांत अवघड क्षण तोच. दुपारचा डबा एक वाजता संपलेला, घर गाठायला आठ-साडेआठ, आणि फलाटाबाहेर वडापाव. एका वडापावात तीनशेच्या आसपास कॅलरी, आणि त्यानंतर रात्री दहाला पूर्ण जेवण. बॉस्टनमधल्या २०२२ च्या एका काटेकोर प्रयोगात सोळा जणांना तेच जेवण चार तास उशिरा दिलं, तेव्हा त्यांची भूक वाढली आणि शरीराचा खर्च कमी झाला. प्रयोग लहान आहे, पण सहाच्या भुकेकडे दुर्लक्ष करून चालत नाही हे प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सकाळी डबा भरताना त्याच हाताने फुटाण्यांची पुडी आणि एक फळ पिशवीत टाकलं, तर रात्रीचं ताट आपोआप हलकं होतं. दोन जेवणांची पद्धत पाळणाऱ्यांना हे मान्य होणार नाही. ज्यांना सहाची भूक सोसते आणि रात्री ते दुपटीने खात नाहीत, त्यांनी ती खुशाल पाळावी. ज्यांना सोसत नाही त्यांनी स्वतःला दोष देऊ नये.

चालण्याविषयी आपल्याकडे उत्साह भरपूर आहे. पुण्यातल्या टेकड्या, दादरचं शिवाजी पार्क, कोल्हापूरचा रंकाळा पहाटेपासून गजबजलेले असतात. फक्त चालण्याने वजन उतरतं हा समज सोडायला हवा. पासष्ट किलोचा माणूस चार किलोमीटर चालला तर फार तर दोनशे कॅलरी जळतात. परतीच्या वाटेवरचा वडा आणि अमृततुल्यचा चहा त्याहून जास्त देऊन जातो. पण उतरलेलं टिकवण्यात चालण्याचा वाटा मोठा आहे. अमेरिकेत रीना विंग आणि जेम्स हिल यांनी १९९४ मध्ये एक नोंदवही सुरू केली. निदान १३.६ किलो वजन उतरवून ते वर्षभर तसंच ठेवलेली माणसं तिच्यात नोंदली जातात. त्यांतल्या नव्वद टक्के लोकांचा व्यायाम सरासरी रोज तासभर होता आणि तीन-चतुर्थांश लोक आठवड्याला एकदा तरी वजन करत होते. ही स्वतःहून आलेली यशस्वी माणसं आहेत, त्यामुळे या नोंदवहीतून कार्यकारण सिद्ध होत नाही. तरी इतक्या माणसांत इतकं साम्य दिसावं, हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

दहा हजार पावलांचा आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पाऊल-मोजणी यंत्राच्या नावातून आला. अमेरिकेत साठी-सत्तरीच्या १६ हजारांवर स्त्रियांच्या पाहणीत रोज ४,४०० पावलांपासूनच मृत्यूचा धोका ठळकपणे कमी दिसला आणि ७,५०० च्या पुढे फारसा फरक पडला नाही. गुडघे दुखणाऱ्या आईला दहा हजारांचा धाक घालू नये.

शतपावलीचं मात्र मनापासून समर्थन करावंसं वाटतं. २०१३ मधल्या एका लहान प्रयोगात रक्तातली साखर वाढू लागलेले वयस्क लोक प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटं चालले, तेव्हा दिवसभराच्या साखरेवर त्याचा परिणाम एकदम पाऊण तास चालण्याइतका झाला आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर तर त्याहून चांगली आटोक्यात राहिली. सवयीच्या शास्त्राला हवं ते सगळं शतपावलीत आधीच आहे: ठरलेली वेळ, ठरलेला इशारा, सोबत कुणीतरी. जेवण झालं की हात पुसून चपला पायात सरकवायच्या, मालिका लागायच्या आत. आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना ताण देणारं काहीतरी हवंच; बैठका, दंड, सूर्यनमस्कार यांसाठी कुठलं सदस्यत्व लागत नाही. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी शंभर वर्षांपूर्वी सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेले, तो वारसा आपल्या घरात पडून आहे.

झोपेचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे सल्ला सोपा आणि अंमल कठीण आहे. शिकागो विद्यापीठात २०२२ मध्ये साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या ८० जणांपैकी निम्म्यांची झोप तास-सव्वा तासाने वाढवली. आहाराबद्दल एक अक्षर न सांगता ते रोज सरासरी २७० कॅलरी कमी खाऊ लागले. मोबाइल उशापासून दूर ठेवणं, एवढी एक सवय त्यासाठी पुरेशी नसेल, पण सुरुवात तिथेच आहे.

वजनकाट्याबद्दल एक सावधगिरी. मीठ, पाणी, पाळी, बद्धकोष्ठता यांनी दोन दिवसांत किलो-दीड किलोचा फरक पडतो, म्हणून रोजच्या आकड्यावर हसू-रडू नये. आठवड्याचा ठरावीक वार, सकाळची ठरावीक वेळ. आणि काटा हलला नाही म्हणून सवय फुकट गेली असं समजू नये. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांवर तीन वर्षं प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. आहार आणि चालण्याच्या सवयी बदललेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. त्यांचं वजन जवळजवळ बदललंच नव्हतं.

२०२५ पासून वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं भारतातही मिळू लागली आहेत. त्यांपैकी सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत दीड वर्षाच्या आत सरासरी पंधरा टक्के वजन उतरलं, जे कुठल्याही आहाराने सहसा होत नाही. ज्यांना तीव्र स्थूलतेने मधुमेह, सांधेदुखी, घोरण्यातला श्वासरोध जडला आहे त्यांच्यासाठी ही औषधं मोठी गोष्ट आहे आणि ती घेणाऱ्याला आळशी ठरवणं चूक आहे. पण औषध थांबवल्यावर वर्षभरात दोन-तृतीयांश वजन परत आलं, हेही त्याच संशोधकांनी नोंदवलं.

मधुमेहाच्या गोळ्या, विशेषतः ग्लिमेपिराइडसारख्या, किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नयेत. साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, वाढत्या वयाच्या मुलांनी वजन उतरवण्याच्या भानगडीत परस्पर पडू नये. थायरॉइड, पीसीओएस, स्टेरॉइडसारखी औषधं यांनी वजन वाढतं तेव्हा उपचार आधी. आणि काही न करता वजन झपाट्याने उतरू लागलं तर आनंद न मानता क्षय आणि मधुमेहाची तपासणी करावी.

शेवटी घरातल्या बाईकडे यायला हवं, कारण वर सांगितलेली जवळजवळ प्रत्येक सवय तिच्या हातून घडते आणि तिच्याच वाट्याला सर्वांत कमी येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीत भारतातल्या ४० टक्के स्त्रियांची कंबर धोक्याच्या रेषेपलीकडे निघाली. पुरुषांत हे प्रमाण १२ टक्के होतं. ती सर्वांत शेवटी जेवते, मुलांच्या ताटातलं उरलेलं टाकवत नाही म्हणून तोंडात टाकते, सकाळचा भात रात्री संपवते आणि ‘घ्या ना, अजून एक’ म्हणण्याचं कामही तिच्याकडेच असतं. तिने चालायला जावं असं सगळे सांगतात. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्त्रियांचा घरकामात रोज २८९ मिनिटं वेळ जात असल्याचं दिसलं, पुरुषांचा ८८ मिनिटं. या दोन आकड्यांमधला फरक तीन तासांहून मोठा आहे. तिचा पाऊण तास त्यातूनच निघू शकतो, दुसरीकडून नाही.

म्हणून हे वाचणाऱ्या घरातल्या पुरुषांना विनंती आहे. बायकोला किंवा आईला वजनावरून बोलण्याआधी या आठवड्यातले तीन दिवस रात्रीचा स्वयंपाक आणि मागचं आवरणं आपल्याकडे घ्या, उरलेलं अन्न तिने संपवायच्या आत डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा, आणि तिला त्या वेळात चालायला जाऊ द्या. पुढच्या महिन्याची तेल-साखरेची यादीही तुम्हीच लिहा.